यादीतला मेलेला प्रिंटर

"आमची सून कामाला जाते आणि दिवसभर टीव्ही बघते," असं सासूबाई शेजारणीला सांगत. म्हातारीचं अगदीच काही चुकत नव्हतं. इस्पितळाच्या तळमजल्यावर ताई एका मोठ्या पडद्यासमोर बसायच्या आणि नेटवर्कवरच्या तीनशे बारा यंत्रांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायच्या. यंत्र ठीक असलं की हिरवा ठिपका, बिघडलं की लाल. रक्तपेढीचा फ्रीज त्यातलाच एक ठिपका. तो तापला आणि पडदा गप्प बसला, तर आत ठेवलेलं सगळं रक्त फुकट जायचं.

या यादीत एक जुना प्रिंटरही होता. नाव आजोबा. सहा वर्षांपूर्वी बंद पडला, ताईंनी त्याची वायर काढून कपाटावर ठेवली, पण यादीतून काही काढला नाही. पडद्यावर तो कायम लाल. साहेबांच्या डोळ्यांत तो ठिपका सलायचा. "पाहुण्यांसमोर शोभा होते हो. काढून टाका की एकदाचा." ताई म्हणायच्या, "राहू द्या, साहेब." बाई हट्टी खऱ्याच.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. कंपनीचा माणूस आला, त्याने पॅकेज चढवलं, चहा प्यायला, आणि अकराच्या ठोक्याला पडदा उजळला. तीनशे बाराच्या तीनशे बारा हिरवे. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि कागद पुढे केला. "ताई, करा सही. काम फत्ते."

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. आजोबासुद्धा हिरवे होते.

"सही नाही करणार," त्या म्हणाल्या. "आजोबा गेलेत, हे ज्याला कळत नाही, त्याला फ्रीज तापलेला काय कळणार?"

कंपनीचा माणूस हसला. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ताईंनी दोघांकडे पाठ फिरवली आणि कीबोर्ड ओढला. वीस मिनिटांत मुद्देमाल हाती लागला. नव्या पॅकेजने तपासणीचा प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला होता आणि ताईंची यादी त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत होती. म्हणजे सकाळपासून एकाही यंत्राची तपासणी झाली नव्हती. आणि तपासणी होईपर्यंत प्रत्येकाला ठणठणीत धरायचं, हा या नव्या शहाण्याचा स्वभाव. ताईंनी पत्ता बदलला आणि सगळी तपासणी पुन्हा सुरू केली.

आधी आजोबा लाल झाले. ताईंच्या जिवात जीव आला. पाठोपाठ दुसरा ठिपका लाल झाला. रक्तपेढीचा फ्रीज.

ताईंनी फोन उचलला. दाराचं रबर निसटलं होतं आणि आतला पारा हळूहळू वर चढत होता. तिथल्या परिचारिकेने पिशव्या वेळेत दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवल्या. एकही वाया गेली नाही. कंपनीच्या माणसाने खाली मान घालून तो पत्ता वहीत उतरवून घेतला.

आठवड्याने पाहुणे आले. साहेबांनी स्वतः लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे आमचे आजोबा. यांना कुणी हात लावायचा नाही." ताई मागे उभ्या होत्या, आणि खोटं कशाला बोला, त्यांना भलताच आनंद झाला.

घरी त्यांनी ही हकिकत सासूबाईंना दोनदा सांगितली, कारण दुसऱ्यांदा म्हातारीनेच मागितली. सकाळी जिन्यात शेजारीण भेटली, तेव्हा ताई चपला घालत होत्या.

"आमची सून टीव्ही बघते ना," सासूबाई सांगत होत्या, "म्हणून गावाचं रक्त थंड राहतं."