बाबा विमानतळावर आले नव्हते

दादा, अंबरनाथ पूर्वेच्या घराखाली तू डिकीत माझ्या बॅगा कोंबत होतास, आई लोणच्याच्या बाटलीला आणखी एक पिशवी गुंडाळत होती, आणि बाबा वर गॅलरीत पेपर धरून बसले होते. ते खाली आलेच नाहीत. एमआयडीसीतली केमिस्टची चांगली नोकरी सोडून, म्हातारपणी आठवणींचं काय होतं ते शिकायला मी ग्लासगोला निघाले, हे त्यांना पटलं नव्हतं. "म्हातारी माणसं अंबरनाथला कमी पडली काय?" एवढंच म्हणाले. मी वर पाहिलं, तर त्यांनी पान उलटलं. मी परत यायच्या आत ते गेले.

आता माझ्या लॅबमध्ये सत्तरी-ऐंशीचे आजी-आजोबा येतात, चहा-बिस्किटं घेतात, आणि मी त्यांना एकच जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावते. दर खेपेला ती थोडी बदलते, बहुधा गोड होत जाते. आठवण कपाटात ठेवलेली नसते, दर वेळी नव्याने शिजवावी लागते, असं मी विद्यार्थ्यांना मोठ्या ठसक्यात सांगते.

तुझ्याकडे बदलापूरला राहायला आल्यापासून आई दर रविवारी फोनवर म्हणते, "तुझे बाबा एअरपोर्टच्या काचेला नाक लावून उभे होते गं. तू आत गेलीस तरी हलेनात." आधी मी चिडायचे. तू म्हणालास, "जाऊ दे ना यार, तिला बरं वाटतं." मग मी नुसती ऐकत राहिले, आणि माझी विद्या माझ्यावरच उलटली. डोळे मिटले की ती काच दिसते, तिच्यावर त्यांच्या श्वासाची वाफ दिसते. हे घडलेलं नाही हे मला पक्कं माहीत आहे. लॅबच्या दारालाही काच आहे. संध्याकाळी तिकडे बघायची मला भीती वाटते, तरी बघते.

गेल्या रविवारी आईचा आवाज एकदम बारीक झाला. "खरं सांग. ते आले नव्हते ना?"

दादा, इतकी वर्षं मी खरी आठवण आणि खोटी आठवण वेगळी करण्याचाच पगार घेते.

"आले होते, आई," मी म्हणाले. "मला अजून दिसतात."

दुसरं वाक्य तरी खरं होतं. आई नाक ओढून म्हणाली, "हां. मग बरोबर."

ती तुलाही विचारील. गाडी तू चालवत होतास, तुला सगळं ठाऊक आहे. तरी हो म्हण. अंबरनाथचा फ्लॅट विकून झाला. बाबा आले होते असं म्हणणारी आपण तीन माणसं, तेवढंच आता आपलं घर आहे.