खोल समुद्रातली वाम

बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. चौदाव्या दिवशी मी शाळेत हजर झालो. ही एकोणीसशे तीसच्या जरा आधीची गोष्ट. सोलापूरच्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवत असे. वर्ग घेतले. लोक काही बोलत, मी मान हलवी.

त्याच आठवड्यात आमच्या शास्त्राच्या मास्तरांना मुंबईहून काचेची बरणी आली. त्यांचा मित्र समुद्राची पाहणी करणाऱ्या बोटीवर होता. बरणीत, स्पिरिटमध्ये, हातभर लांब आणि बोटाएवढी बारीक वाम होती. भीमेतली वाम मी पाहिली होती; ही निराळी. काळपट, तोंड डोळ्यांच्याही मागपर्यंत फाटलेलं, कल्ल्यांच्या फटी गळ्याखाली, चिरल्यासारख्या. हे सगळं कूळच समुद्राच्या तळाशी राहतं, तिथे उजेड पोचत नाही, वरून बुडत आलेलं मेलेलं काहीबाहीही खातं, असं मास्तर सांगत होते. वर्गासाठी मोठा तक्ता काढून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

तीन दुपारी काढत बसलो. तिसऱ्या दिवशी पोटाची बाजू पाहायला बरणी उचलली आणि ती हातातून सुटली. शहाबादी फरशीवर काचा, स्पिरिट आणि त्यात वाम. मी तसाच उभा राहिलो. वाईट वाटायला हवं हे कळत होतं, वाटत नव्हतं.

आवाज ऐकून मास्तर आले. रागावले नाहीत. वाम दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "तुम्ही आता घरी जा."

"घरी कुणी नाही," मी म्हणालो. तोवर हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

त्यांनी मला आपल्या घरी नेलं. घर लिंगायतांचं, मासळी कधी न शिरलेलं. बायकोला त्यांनी कानडीत सगळं सांगितलं आणि एखादी काचेची बरणी मागितली. तिने लोणचं दुसरीकडे काढून बरणी धुऊन दिली. ही आता परत आणू नका, एवढंच बजावलं. मग माझ्यापुढे भाकरी आणि शेंगांची चटणी वाढून म्हणाली, "ऊटा माड्री." जेवा, एवढं कानडी मला येत होतं. मी जेवलो. चटणी फार तिखट होती म्हणे. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिखट काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता पुरा केला. पुढे दीड वर्ष संध्याकाळचं जेवण त्यांच्याकडेच होत राहिलं. त्या बाईंनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. रडू मला त्या सगळ्या काळात आलंच नाही.