मागच्या दारानं येणाऱ्या वैरागडेबाई

वैरागडेबाई आमच्या घरी कधी समोरच्या दारानं आल्या नाहीत. सेक्टरमधली मागची गल्ली ओलांडायची, अंगणातल्या दोरीवरचे कपडे बाजूला सारायचे आणि थेट स्वयंपाकघरात. "समोरून पाहुणे येतेत बाई, मांगून आपले लोक," असं वर म्हणायच्या. मला त्यांचं आपलं होणं मुळीच नको होतं.

भिलाईच्या एका मुलींच्या कॉलेजात आम्ही दोघीच प्राणिशास्त्र शिकवायचो. माझं अक्षर सुरेख, आकृत्या रेखीव, पोर्शन वेळेत पूर्ण. त्यांनी फळ्यावर काढलेला बेडूक वांग्यासारखा दिसायचा. तरी मुली त्यांच्याच मागे. त्याचं एवढं वाटलं नसतं, पण त्या मुलींत माझी लेक मंजूही होती. आई घरात असताना शंका विचारायला ती गल्ली ओलांडून त्यांच्याकडे जायची. पिकतं तिथं विकत नाही, असं मी नवऱ्याला हसत म्हणायची आणि आतून जळायची.

एकदा बाई भोपाळहून कसलासा कोर्स करून आल्या, पेशींची दिशा ठरवणारी प्रथिनं डोक्यात घेऊनच. वर्ग थेट आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर नेला. एकट्या बाईबरोबर मुली बाहेर सोडायच्या नाहीत असा प्राचार्यांचा नियम, म्हणून मलाही जावं लागलं.

"हे आतड्याच्या पेशींची लाइन समजा," क्वार्टरांच्या रांगेकडे हात करत त्या म्हणाल्या. "सगळ्याइचं तोंड एकाच बाजूनं. समोरून अन्न घेतेत, मांगून रक्ताले देतेत. एकीनं तोंड फिरवलं तं लाइन बिघडली."

"लेकिन मॅम, पेशीले कोन सांगते समोर कोनतं?" मंजूनं विचारलं. माझ्या तासाला ती कधी तोंड उघडायची नाही.

"प्रोटीन. एक टोळी समोर बसते, एक मांगं. हे तिले इकडं येऊ देत नाही, ते हिले तिकडं. भांडतेत म्हनून तं घर नीट ऱ्हायते." मग माझ्याकडे बघून हसल्या. "जशा आमी दोघी."

मुली खिदळल्या. मंजू सगळ्यांत जोरात.

"और एक टोळी गायब झाली तो?" तिनं विचारलं.

"मंग दुसरी सगळीकडं पसरते. पेशीले समजतच नाही, समोर कुठं अन् मांगं कुठं."

माझ्या अंगाची आग झाली. इतकं सोपं मला कधी सुचलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांचे यजमान स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून दोघं तुमसरला गेले. निरोप घ्यायलाही बाई मागूनच आल्या. "मंजूकडं ध्यान ठेवजा," म्हणाल्या. माझ्याच पोरीकडे लक्ष द्यायला मला सांगत होत्या!

त्यांची खिडकीजवळची खुर्ची, त्यांचे तास, सगळं मला मिळालं. कुठल्या खुर्चीवर बसावं ते मात्र रोज कळेना. परीक्षा जवळ आली तशी एक दिवस मंजू पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, ये समझ में नहीं आ रहा. तू सांग ना."

या एका वाक्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती. हातातलं लाटणं ठेवलं आणि समजावलं, छान समजावलं.

"अरे वा! तुले तं मॅमपेक्षा चांगलं येते," ती म्हणाली.

मी चटकन मागच्या दाराकडे पाहिलं. वैरागडेबाईंनी हे ऐकायला हवं होतं. त्यांच्याशिवाय या जिंकण्याला काय अर्थ? दोरीवरचे कपडे हलले. वारा होता.