काकूंच्या तक्रारींचा ब्लूज

रायगडच्या किनाऱ्यावर ब्लूज कोणी आणला, हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. पण विचारलाच, तर उत्तर एकच, माझ्या मेव्हण्याचे सासरे. श्रीवर्धनच्या शाळेतून निवृत्त होईपर्यंत हे काका जयंतीच्या कार्यक्रमात पेटी वाजवायचे आणि सुखी होते. मग बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाने फोनवर अमेरिकन ब्लूज पाठवला, ऑर्गन पुढे आणि बाकीची वाद्यं मागे, आणि काकांनी स्वतःचा अल्बम काढायचं ठरवलं. मुरुडच्या एका बंद पडलेल्या नाटक मंडळीचा पायाने भाता मारायचा ऑर्गन त्यांनी मिळवला. तो आणायला मी सोबत होतो. आगरदांड्याला गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवरच्या माणसाने विचारलं, "हे वाहन की सामान?" काका शांतपणे म्हणाले, "पायाने चालतं. सायकलीत धरा." पलीकडची दिघी येईपर्यंत ते वाजवत बसले. टेम्पोतल्या दोन बकऱ्यांनी शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं, हे ते अजून अभिमानाने सांगतात.

अडलं ते गायकापाशी. ब्लूजमध्ये माणूस आपलं दुःख एकदा गातो, तेच पुन्हा गातो आणि तिसऱ्या ओळीत निकाल लावतो. काकांनी बेंजो पार्टीतला एक गायक बोलावला आणि त्याला त्याचं दुःख विचारलं. "मला तसं काय न्हाय," असं म्हणून तो चहा पिऊन गेला. मग एकदा रेकॉर्डिंग चालू असतानाच काकू बाहेर आल्या.

"नळाला पाणी न्हाय."

काका वाजवतच राहिले.

"अहो, नळाला पाणी न्हाय. आणि तुम्ही पेटी बडवत बसलाय."

काकांचे डोळे भरून आले. पुढच्या आठवडाभरात त्यांनी काकूंचा गुडघा, गॅसची शेगडी आणि सुनेचा न येणारा फोन असं सगळं त्यांच्याच आवाजात गुपचूप टिपून घेतलं. अल्बम तयार झाल्यावर सगळ्या नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना अंगणात बसवून ऐकवला. संपल्यावर शेजारीण म्हणाली, "पाणी आलं का मग?" काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी तक्रार करणंच सोडलं.

गेल्या महिन्यात गेलो, तर ऑर्गनवर चादर होती. काका हळूच म्हणाले, "पाहुणे, तुमच्याकडे तरी काही बोलते का, बघा."

काकू आत तांदूळ निवडत होत्या. हल्ली तक्रार का करत नाही, असं मी विचारलं. सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून त्यांनी माझं एवढं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. आता तोंड उघडायला लाज वाटते, भाऊ."

बाहेर काका वाट बघत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.