व्याह्यांची झोप

मला झोप येत नाही. वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून मी सगळे घरगुती उपाय करून पाहिले: जायफळाचं दूध, लांब श्वास, अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेक अवयव सैल सोडणं, काशाच्या वाटीनं तळपाय घासणं. प्रत्येकाचा गुण येतो, पण दुसऱ्याला! (बायको तर माझं श्वासाचं वर्णन ऐकूनच घोरायला लागते.)

त्या रविवारी केळझरचे पाहुणे बोरगाव मेघेला आमच्या घरी यायचे होते. माझी लेक सुजाता आणि त्यांचा राहुल एकाच बँकेत, दोघांचं आपसात ठरलेलं. अडलं होतं राहुलच्या वडिलांवर. भाऊराव भलते तिरसट, आणि ते एकदा ‘नाही’ म्हणाले की घरात पुढं कोणी बोलत नाही, असं राहुलनंच सांगून ठेवलं होतं.

सकाळीच सुजातानं मला तंबी दिली.

"बाबा, हुंड्याचा विषय निघाला तं मी लग्न मोडन. कोनाचे पाय धरायचे नाई. आन् झोपेचं भाषण द्यायचं नाई!"

"पहिल्या दोन पाळतो," मी म्हणालो.

"तिन्ही पाळा!"

पाहुणे आले. जय भीम झालं, पाणी झालं, पोहे झाले. भाऊरावांचे डोळे लाल, कपाळावर आठ्या. पंखा आवाज करतो म्हणाले, चहा गोड झाला म्हणाले. राहुल गाडी सावलीत लावायला गेला, बायका स्वयंपाकघरात गेल्या आणि बैठकीत आम्ही दोघंच उरलो.

"तब्येत बरी नाई का जी?" मी भीत भीत विचारलं.

"तब्येतीले काय झालं? झोप नाई मले! रात्रभर आढ्याकडे पाहत राह्यतो."

आता सांगा, मी काय करायचं? (सुजाताची अट भाषणाबद्दल होती. वाटीबद्दल ती काहीच बोलली नव्हती!) मी फळीवरची काशाची वाटी काढली, तूप घेतलं, जमिनीवर बसलो आणि त्यांचे पाय मांडीवर ओढले.

"अरे, हे काय करून राह्यले जी! मुलीच्या बापानं..."

"बोलू नका. अंगठा सैल सोडा. सावकाश श्वास घ्या. आता घोटा..."

गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर माणूस सोफ्यावर मागं कलंडला! आणि नेमकी तेव्हाच सुजाता संत्र्यांची ताटली घेऊन दारात आली. तिला काय दिसलं? भाऊराव डोळे मिटून ऐटीत रेललेले आणि तिचा बाप खाली मान घालून त्यांच्या पायांशी.

"बाबा! पाय धरले?" ताटली दणकन आदळली. "किती मागून राह्यले हे?"

मी ओठांवर बोट ठेवलं. तिला वाटलं, मी निमूटपणे सोसायला सांगतोय.

"काऊन चूप बसू? मोडलं हे लग्न!"

नेमका ‘मोडलं’ या शब्दाला राहुल आत आला आणि पांढराफटक पडला. आतून बायको ओरडली, "काय केलं हो तुमी?" (अजून तिला काहीच ठाऊक नव्हतं, पण तिची सुरुवात इथूनच होते!) लेकीचं लग्न मोडत होतं, आणि मांडीवरचे पाय सोडून उठायची सोय नव्हती. तेवढ्यात भाऊराव असे घोरले, की रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं!

राहुलच्या आईनं धावत येऊन सुजाताच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल माय! कितीक महिन्यांनी डोळा लागला यांचा." आणि त्या माउलीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग सगळं घर कुजबुजीवर चाललं. कुकर उतरवला. भोंगा लावून भंगारवाला आला, तर राहुल त्याला थोपवायला अनवाणी धावला. सुजातानं तो आवाजी पंखा बंद केला आणि माझ्याकडे खाऊ की गिळू बघत भाऊरावांना वर्तमानपत्रानं वारा घालत बसली. माझ्या पायांना मुंग्या आल्या, पण हलायची चोरी!

ऊन कललं तेव्हा भाऊराव जागे झाले.

"संबंध पक्का," ते म्हणाले. "पन माही एक मागनी आहे."

सुजाताचा वर्तमानपत्राचा हात थांबला.

"हे वाटी मले द्या."

"वाटी भेटनार नाई, मामाजी. तो हुंडाच झाला!" सुजाता म्हणाली. "झोप नाई आली तं इकडं येत जा."

भाऊराव पहिल्यांदाच हसले. आणि त्यांनी ते अगदी मनावर घेतलं.

आता दर रविवारी ते केळझरहून येतात, दुपारभर घोरतात आणि ताजेतवाने होऊन परत जातात. लेकीच्या लग्नात मी एक पैसा हुंडा दिला नाही, हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो. फक्त रविवारी सांगत नाही. त्या दिवशी मांडीवर व्याह्यांचे पाय असतात!