लोटूभाऊंचं जंगलातलं चेकिंग

लोटूभाऊ पाटलांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट उजेडासमोर धरल्याशिवाय घरात घेतली नाही. सुरतेत, उधन्याच्या एका कारखान्यात ते कापडाचे ताके तपासायचे. कापड काचेवरून ओढायचं, खाली ट्यूबलाइट, आणि कुठं धागा तुटलेला किंवा तेलाचा डाग दिसला की खडूनं खूण करायची. खानदेशातून आल्यापासून हेच काम, त्यामुळे नजर कायमची बारीक झालेली. कलिंगडवाला 'लाल निकलेगा' म्हणाला की यांना लगेच संशय, हा एवढ्या खात्रीनं कसा सांगतो? "बिनडागाचा ताका नसतो," ते म्हणायचे, "आपल्याला दिसलेला नसतो."

सोनालीसाठी आलेली स्थळंही त्यांनी अशीच काचेवरून ओढली. एक मुलगा फार हसतो म्हणून नापास, दुसरा हसतच नाही म्हणून. मग गणपत मध्यस्थानं तुषारचं स्थळ आणलं. शिरपूरकडची माणसं, मुलगा सुरतेजवळच्या सचिन गावी केमिकलच्या कारखान्यात सुपरवायझर. सोनालीनं फोटो पाहिला, नाही म्हणाली नाही आणि वर बापाला बजावलं, "बाबा, या वेळेस डाग काढलात तर पुढचा ताका आणूच नका."

भाऊ हो म्हणणारच होते. पण गणपत बोलता बोलता बोलून गेला, मुलगा दर रविवारी सायकल घेऊन मांडवीकडच्या जंगलात जातो. मग झालं. गुजरातेत दारूबंदी. इथं माणूस जंगलात गेला तर का गेला असं कुणी विचारत नाही. काय पिऊन आला, ते विचारतात. नोकरीचा, शिकलेला पोरगा सुट्टीच्या दिवशी अंधारात उठून झाडं बघायला जातो? लोटूभाऊंना ते काही पटेना. गणपतला रविवारी संध्याकाळपर्यंत निरोप द्यायचा होता. त्यांनी ठरवलं, स्वतः जायचं.

सरलाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "जंगलमा जावाई देखाले जाई राहिनात का वाघ?"

रविवारी जंगलात जाणाऱ्या सायकलवाल्यांचा म्होरक्या चंचलभाई, पक्का सुरती. भाड्याची सायकलही तोच देई. भाऊंनी काळा चष्मा लावला, हेल्मेट घातलं आणि नाव सांगितलं विठ्ठल. फोटोतला तुषार समोरच होता, चाकात हवा भरत. त्यानं भाऊंकडे एकदा नीट पाहिलं, मान लववली आणि पुन्हा पंप हाणू लागला. एवढा नम्र? भाऊंनी मनातल्या मनात पहिली खडूची खूण केली.

तरुणपणी लोटूभाऊ सायकलवरच कारखान्यात जात, पण त्या सायकलला असले गिअर नव्हते. एक दाबला की पाय भिंगरीसारखे गरगर फिरत आणि सायकल जागच्या जागी. दुसरा दाबला की पॅडल हलता हलत नसे. चंचलभाई मागून 'काका, धीरे धीरे' करत होता. वाट सागातून वर चढत गेली. साग संपला तशी जुनी झाडं लागली. पणजोबानंही पणजोबा म्हणावं असे सादडे, मगरीच्या पाठीसारख्या सालीचे, आणि खाली वाळक्या पानांचा थर, चाकाखाली पापडासारखा मोडणारा. एवढा आवाज करत कुणी चोरून प्यायला येईल का, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, सराईत माणूस असाच तर विचार करतो.

पुढं झाडांमधून धूर दिसला. भट्टी. जवळ गेल्यावर दिसलं, एक म्हातारी मोहाखालचा पाचोळा जाळत होती, फुलं पडायच्या आत जमीन साफ हवी म्हणून. तुषारनं तिला हात केला, तिनंही केला. ओळख आहे तर. दुसरी खूण.

तिसरी खूण मात्र पक्की होती. तुषारच्या सायकलला दोन बाटल्या. एकीतलं पाणी तो पीत होता, दुसरी ओल्या रुमालात गुंडाळलेली, तिला हातही लावत नव्हता.

दुपार कलताना सगळे एका सादड्याखाली थांबले. कुणाचं तरी चाक बसलं म्हणून तुषार मदतीला गेला. भाऊ सरकत सरकत बाटलीपाशी पोचले. झाकण फिरवताच ती फुस्स करून फसफसली आणि आंबूस वास नाकात शिरला. सापडला डाग! पण नुसत्या वासावर माल नापास करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी एक घोट घेतला. गोड लागला, मग आंबट. जन्मात दारूची चव न घेतलेला माणूस, एका घोटात काय कळणार? दुसरा घेतला. तहानही लागली होती. बाटली अर्धी झाली तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली.

उतारावर भाऊंनी नको तो ब्रेक दाबला आणि हेल्मेटसकट पाचोळ्यात गेले.

"काका, हू थ्यु?" चंचलभाई धावत आला, वाकला, नाक आक्रसलं आणि दोन पावलं मागं सरला. "पीधेला छो के हू?"

तुषारनं हात देऊन उठवलं आणि हळूच विचारलं, "मामा, लागलं का?"

लोटूभाऊ गार पडले. काका नाही, मामा, सासऱ्याला म्हणतात तसं. गणपतनं मुलाकडे पाठवलेल्या फोटोत सोनालीशेजारी तेही उभे होते, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. तरी ठसक्यात त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं.

तुषारनं बाटली हलवून पाहिली. सकाळी येताना नीरा घेतली होती, म्हणाला, घाईत प्यायची राहिली. रुमाल ओला ठेवला होता, पण उन्हापुढं नीरेची ताडी व्हायची ती झालीच. पुढच्या ओढ्यावर ओतून देणार होता. मग जरा चाचरत म्हणाला, "मामा, एक विचारू? तुम्ही रोज घेता का?"

भाऊंचं तोंड उघडलं, पण ताडीच्या वासानं आधीच साक्ष दिली होती.

"नाही, आई विचारेल," तुषार म्हणाला. "आमच्याकडे हे चालत नाही."

भाऊ अंगावरची पानं झटकत राहिले. मग म्हणाले, "जे पाहिलं तेच सांग. मीही तेच करतो."

घरी पोचले तर सोनाली दारातच उभी, आणि तिच्या मागं सरलाबाई. त्यांनी एकदा नवऱ्याच्या अंगावर उरलेल्या पानांकडे पाहिलं, एकदा वास घेतला आणि एवढंच विचारलं, काय निरोप द्यायचा?

लोटूभाऊ पायरीवर बसले.

"पोऱ्या पास शे," ते म्हणाले. "आपला ताका आजून त्यास्नाकडे चेकिंगले शे."