अमावास्येचा दुसरा दिवस

सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात मोठ्या सर्व्हरचे दोन भाग केलेले होते. एकावर वजनकाटा चाले, दुसऱ्यावर ऑफिस. कोणत्या भागाला किती ताकद द्यायची ते नानासो ठरवायचा. फौजेत सिग्नलमन होता तो. काट्यावर गाड्या वाढल्या की ऑफिसकडचे प्रोसेसर काढून काट्याला जोडायचा. दुपारी बारा वाजता सायकल काढून घरी जायचा, अंथरुणाला खिळलेल्या बायकोला, चंद्राबाईला, भरवून परत यायचा.

नव्याण्णवच्या हंगामात विश्रामबागेतली ज्ञानदा नावाची इंजिनिअर सर्व्हरच्या कंपनीतर्फे आली. ही वाटणी आता यंत्र आपोआप करणार होतं. चाचणी जमली, की नानासोची बदली लांब शिरवळच्या गोदामावर.

अमावास्येला गाडीवान बैल जुंपत नाहीत. काटा रिकामा पाहून यंत्रानं सगळी ताकद ऑफिसला दिली, तिथं वर्षाच्या याद्यांचं काम सुरू झालं आणि ते संपेपर्यंत ताकद सुटेना. दुसऱ्या दिवशी तटलेल्या सगळ्या गाड्या एकदम आल्या. काटा गोठला.

"आवं नानासो, बैलं जू घिऊन हुबी हायती! तुमचं यंत्र झोपलंय का मेलंय?" गाडीवान जोतिबा ओरडला.

नानासोनं हातानं ताकद फिरवली.

"काका, नेमकं चुकलं काय?" ज्ञानदानं विचारलं.

"काय म्हाईत. यंत्राचं मन."

कारखान्याचे साहेब म्हणाले, "परत अडलं तर हे बंद. नानासो, तुम्हीच बघा पूर्वीसारखं."

दुपारी त्यानं हे सांगितलं तेव्हा चंद्राबाई कितीतरी दिवसांनी हसली. "मग गप बसा की पुढल्या आमुशापत्तोर!"

तो गप बसला. महिना सरत आला तसा जोतिबा खिडकीशी आला.

"उद्या आमुशा. परवा परत तसंच हुबं करनार काय वं नानासो? पांढऱ्याच्या मानेची तवाची जखम अजून वली हाय. हळद भरतुया रोज."

"न्हाई," नानासोच्या तोंडून निघून गेलं. "न्हाई हुनार."

मग तो ज्ञानदासमोर जाऊन उभा राहिला. "मॅडम, तुमच्या यंत्राला पंचांग कळतं का?"

"पंचांग?"

त्यानं सगळं सांगितलं. ती खाली मान घालून लिहीत राहिली: अमावास्येला काट्याची ताकद काढायची नाही.

"हे मागच्या वेळीच माहीत होतं तुम्हाला?"

नानासोनं खिशातलं पंचांग काढून तिच्यापुढं सरकवलं.

"काका, आता तुमची बदली..."

"लिवा मॅडम. तारखा पुढल्या सालापत्तोरच्या घाला."

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी गाड्या न अडता गेल्या. नानासोच्या हाताला काही कामच उरलं नाही. शनिवारी हुकूम आला.

"काय म्हनले सायेब?" चंद्राबाईनं घास गालात धरून विचारलं.

"सोमवारी शिरवळला."

"तुमी सांगितलंसा व्हय?"

"सांगितलं."

तिनं घास गिळला. "मग माझ्याकडं कोन?"

"शेजारच्या मनुबाईला इचारतो."

"तिची कंबर गेलीया. तिच्यानं मी उचलायची न्हाई."

"व्हय," नानासो म्हणाला, आणि पुढचा घास कालवत राहिला.